चेंडू राखणारा संघ कसा घडवावा: क्रायफ यांची शिकवण आणि गार्डिओला यांची पद्धत

पेप गार्डिओला यांच्या फुटबॉल संघाचा खेळ पाहून भारावलेला प्रशिक्षक पुष्कळदा एकच चूक करतो. तो आपल्या खेळाडूंना लांब चेंडू मारायला बंदी करतो, छोट्या पासांचा आग्रह धरतो, आणि स्वतःच्याच गोलसमोर चेंडू गमावून चार-दोन गोल खाल्ल्यावर असा निष्कर्ष काढतो की, हा खेळ ज्यांच्याकडे लिओनेल मेस्सी आहे त्यांनाच परवडतो. वास्तविक छोटा पास या पद्धतीत सर्वांत शेवटी येतो. त्याआधी चेंडू जवळ नसलेल्या दहा जणांनी कोठे उभे राहायचे हे ठरलेले असावे लागते, आणि ते एकदा ठरले की पास बहुधा छोटा, सरळ आणि बिनधोक होतो. गार्डिओला हे बार्सिलोनात खेळाडू असताना योहान क्रायफ यांच्याकडून शिकले. पुढे प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी त्यात बरीच भर घातली, पण पाया तोच ठेवला. तो पाया सरावाच्या मैदानावर कसा घालावा, याचा क्रम येथे दिला आहे. ज्यांच्या खेळाडूंना चेंडू नीट थांबवता येतो आणि दहा-पंधरा मीटरचा पास जमिनीवरून देता येतो, आणि ज्यांना आठवड्यातून निदान तीन सराव मिळतात, अशा प्रशिक्षकांनी हा क्रम वापरून पाहावा.

गुरूकडून नेमके काय घ्यावे

क्रायफ स्वतः अयाक्स या डच क्लबमध्ये प्रशिक्षक रिनस मिशेल्स यांच्या हाताखाली घडले. १९७४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मिशेल्स यांच्या नेदरलँड्सने सुरुवातीलाच चेंडू असा फिरवला की, पश्चिम जर्मनीच्या एकाही खेळाडूचा त्याला स्पर्श होण्यापूर्वी क्रायफ पेनल्टी क्षेत्रात पाडले गेले होते आणि पेनल्टीवर गोलही झाला होता. तो सामना नेदरलँड्सने १-२ असा गमावला, हेही विसरू नये. ताबा म्हणजे विजयाची हमी नव्हे, हे या विचाराच्या जन्मापासूनच स्पष्ट आहे.

१९८८मध्ये क्रायफ प्रशिक्षक म्हणून बार्सिलोनात आले आणि १९९६पर्यंत राहिले. त्या काळात बार्सिलोनाने १९९१ ते १९९४ अशी सलग ४ वर्षे स्पेनची लीग जिंकली आणि २० मे १९९२ रोजी वेम्बलीवर सँपडोरियाला अतिरिक्त वेळेत रोनाल्ड कोमन यांच्या फ्री किकवर १-० असे हरवून आपला पहिला युरोपियन कप मिळवला. त्या सामन्यात मधल्या फळीच्या तळाशी २१ वर्षांचे गार्डिओला खेळत होते. सांतपेदोरचा हा मुलगा १३व्या वर्षी क्लबच्या ला मासिया या निवासी केंद्रात आला होता. अंगाने किरकोळ, वेगाने सामान्य. क्लबमध्ये सांगितली जाणारी आठवण अशी की, क्रायफ तरुणांचा एक सामना पाहायला गेले असता हा मुलगा मधल्या फळीत उजव्या बाजूला खेळत होता आणि त्यांनी त्याला मध्यभागी आणायला सांगितले. तपशिलात थोडीफार भर पडली असेलही, पण त्यामागची दृष्टी खरी आहे. क्रायफ यांच्या ३-४-३ रचनेत (तीन बचावपटू, मधल्या फळीत चौघे, पुढे तीन आघाडीपटू) मधल्या फळीतील चौघांचा समभुज चौकोन होई, आणि त्याच्या खालच्या टोकावरच्या खेळाडूला धावण्यापेक्षा पाहावे जास्त लागे. चेंडू पायाशी येण्यापूर्वी पुढचा पास कोणाला द्यायचा हे ज्याला ठाऊक आहे, त्याला वेगाची उणीव भासत नाही.

क्रायफ यांच्या शिकवणीतून प्रशिक्षकाने मोजक्याच गोष्टी उचलाव्यात. चेंडू आपल्याकडे असताना मैदान जितके मोठे करता येईल तितके करावे, म्हणजे दोन्ही विंगरनी, अर्थात कडेने खेळणाऱ्या आघाडीपटूंनी, बाजूच्या रेषेला चिकटून राहावे आणि मधल्या आघाडीपटूने प्रतिस्पर्धी बचावफळीला मागे रेटावे. चेंडू गेला की तेच मैदान लहान करावे. चेंडू असलेल्याला नेहमी निदान दोन दिशांना पास उपलब्ध असावा, म्हणजेच खेळाडूंचे त्रिकोण व्हावेत आणि तिघे एका सरळ रेषेत उभे राहू नयेत. गोलरक्षक हा पहिला आक्रमक आणि आघाडीपटू हा पहिला बचावपटू मानावा. एवढे पुरे आहे. बाकी जे काही आहे ते या चार वाक्यांचा सरावातील अनुवाद आहे, आणि तो अनुवाद करतानाच बहुतेक प्रशिक्षक अडखळतात.

रोंडो: खेळ वाटतो, पण शिस्त हवी

सुरुवात रोंडोने करावी. आठ ते दहा मीटर बाजू असलेल्या चौकोनाच्या कडांवर पाच जण आणि आत दोघे; बाहेरच्यांनी चेंडू फिरवायचा, आतल्यांनी तो हिसकवायचा, आणि ज्याच्या चुकीने चेंडू गेला त्याने आत जायचे. क्रायफ हा खेळ बार्सिलोनात रोज खेळवत आणि स्वतःही त्यात उतरत. प्रथम दोन स्पर्शांची मुभा द्यावी, सफाई आल्यावर ती एकावर आणावी. दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये, कारण त्यानंतर लक्ष उडते आणि रोंडोची नुसती करमणूक होते.

प्रशिक्षकाने येथे चेंडूकडे कमी आणि पायांकडे व खांद्यांकडे जास्त पाहावे. चेंडू घेणाऱ्याचे शरीर अर्धवट वळलेले आहे का, म्हणजे पास देणारा आणि पुढचा सहकारी असे दोघेही त्याला एकाच वेळी दिसतात का? चेंडू येतो त्या बाजूच्या पायाने न घेता तो दूरच्या पायाने घेतो का? गार्डिओला यांच्या बार्सिलोनात मधल्या फळीच्या तळाशी खेळलेल्या सर्जिओ बुस्केट्सचा खेळ पाहताना जे संथ आणि सोपे वाटते ते बहुतांशी एवढ्यावरच उभे आहे. दूरच्या पायाने घेतलेला चेंडू पहिल्याच स्पर्शात पुढे तोंड करून ठेवला जातो आणि अंगावर येणारा प्रतिस्पर्धी एका पावलाने उशिरा पोहोचतो. पासाचा वेगही तपासावा. मऊ पास सहकाऱ्याला देण्याऐवजी संकटाला देणे आहे, असे मुलांना खुशाल सुनवावे.

रोंडोत सर्वांत मोलाचा पास म्हणजे आतल्या दोघांच्या मधून पलीकडे जाणारा. शेजाऱ्याला दिलेल्या दहा पासांनी काहीच घडत नाही, मधून गेलेल्या एका पासाने दोन जण बाद होतात. म्हणून सलग पासांची संख्या मोजण्यापेक्षा अशा पासाला गुण द्यावेत. एकट्या रोंडोवर मात्र विसंबू नये. त्यात गोल नाही, दिशा नाही, आणि केवळ रोंडोत तरबेज झालेला संघ सामन्यात मधल्या रेषेपाशी चेंडू गोलगोल फिरवत बसतो. निव्वळ पासांसाठी पास या प्रकाराचा गार्डिओला यांना मनस्वी तिटकारा आहे आणि आपल्या खेळाची ओळख तशी करून दिलेली त्यांना खपत नाही.

मैदानावर पट्टे आखणे

क्रायफ यांच्या मनातली जागांची समज गार्डिओला यांनी मैदानावर रेषा मारून शिकवण्याजोगी केली. यात आणखी एका माणसाचा हात आहे. खुआनमा लिलो वयाच्या तिशीच्या आत सलामांकाचे प्रशिक्षक म्हणून स्पेनच्या पहिल्या श्रेणीत पोहोचले होते. १९९६मध्ये लिलो यांच्या ओव्हिएडो संघाशी बार्सिलोनाचा सामना झाल्यावर गार्डिओला स्वतःहून त्यांना भेटायला गेले, आणि खेळाडू म्हणून कारकीर्द संपत आली असताना केवळ त्यांच्या हाताखाली खेळण्यासाठी मेक्सिकोतील दोरादोस या क्लबात दाखल झाले. पुढे मँचेस्टर सिटीत तेच लिलो गार्डिओला यांचे सहायक होते. क्रायफ यांच्याकडून अंतःप्रेरणा आली असे म्हटले, तर तिला तर्काची भाषा देण्यात लिलो यांचा वाटा मोठा आहे.

सरावासाठी मैदान लांबीच्या दिशेने पाच पट्ट्यांत विभागावे. यासाठी वेगळी मोजमापे लागत नाहीत. दोन्ही टोकांच्या पेनल्टी क्षेत्रांच्या बाजूच्या रेषा एकमेकींना जोडाव्यात आणि गोल क्षेत्रांच्याही तशाच जोडाव्यात. ६८ मीटर रुंद मैदानावर मधला पट्टा सुमारे १८ मीटरचा, त्याच्या दोन्ही बाजूंचे ११ मीटरचे, आणि कडेचे दोन सुमारे १४ मीटरचे होतात. चुना नसेल तर शंकू ठेवावेत. आडव्या दिशेनेही मैदानाचे चार-पाच भाग करावेत.

आता नियम. एका उभ्या पट्ट्यात आपले दोनपेक्षा जास्त खेळाडू नसावेत आणि एका आडव्या भागात तिघांपेक्षा जास्त नसावेत. विंगर कडेच्या पट्ट्यात असेल तर त्याच बाजूच्या फुलबॅकने, म्हणजे कडेच्या बचावपटूने, आतल्या पट्ट्यात यावे, आणि विंगर आत घुसला तर फुलबॅकने बाहेर जावे. दोघांनी एकाच पट्ट्यात एकामागे एक उभे राहण्याची सवय मोडून काढावी. बायर्न म्युनिकमध्ये गार्डिओला यांनी फिलिप लाम आणि डेव्हिड अलाबा या फुलबॅकना आत आणले ते याच हिशेबाने. त्यामुळे प्रतिस्पर्धी विंगरपुढे पेच उभा राहतो: फुलबॅकबरोबर आत गेला तर आपल्या विंगरकडे सरळ पास जाण्याची वाट मोकळी होते, आणि बाहेर राहिला तर आत आलेला फुलबॅक मोकळा सापडतो.

सुरुवातीला हा सराव प्रतिस्पर्ध्याशिवाय, चालत करावा. प्रशिक्षकाने चेंडू हातात घेऊन मैदानावर फिरावे, थांबावे, आणि चेंडू जेथे आहे त्यानुसार अकराही जणांनी आपापल्या जागा घ्याव्यात. मुलांना हे कंटाळवाणे वाटते, आणि ते आहेच. पण चालताना ज्याला जागा सापडत नाही त्याला धावताना ती सापडण्याची आशा करू नये. पंधरा मिनिटे चालण्याचा सराव करून लगेच त्याच रचनेत खेळायला सोडले की कंटाळाही निभतो.

चार विरुद्ध चार, आणि तीन तटस्थ

सबंध आठवड्यात एकच खेळ घ्यायला वेळ असेल तर तो हा घ्यावा. साधारण पंचवीस मीटर लांब आणि अठरा मीटर रुंद आयत आखावा. चौघांचे दोन संघ आणि तीन तटस्थ खेळाडू घ्यावेत. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याचे चौघे लांब बाजूंच्या कडेला दोन-दोन उभे राहतात, दोन तटस्थ आयताच्या दोन टोकांना आणि तिसरा मध्यभागी. चेंडू नसलेले चौघे आत. तटस्थ नेहमी चेंडू असलेल्यांच्या बाजूने खेळतात, त्यामुळे सामना सात विरुद्ध चार असा होतो. आतल्यांनी चेंडू जिंकला की त्यांनी ताबडतोब कडेला पसरायचे आणि चेंडू गमावलेल्यांनी त्याच क्षणी आत झडप घालायची.

या एका खेळात गार्डिओला यांचे जवळजवळ सगळे फुटबॉल आले. कडेचे खेळाडू म्हणजे फुलबॅक आणि विंगर, टोकाचे तटस्थ म्हणजे मधला बचावपटू आणि आघाडीपटू, आणि मध्यभागी उभा असलेला तो एकटा म्हणजे स्वतः गार्डिओला वेम्बलीवर जेथे खेळले ती जागा. आपल्या संघातील मधल्या फळीच्या तळाशी खेळणाऱ्यालाच तेथे उभे करावे. चेंडू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायचा, तेथून परत आणायचा, असे उद्दिष्ट ठेवल्याने रोंडोत नसलेली दिशाही येथे मिळते.

येथे शिकवायची खरी गोष्ट म्हणजे तिसरा खेळाडू. समजा, चेंडू टोकाच्या तटस्थाकडे आहे. मध्यभागी असलेल्याला पास द्यायचा आहे, पण त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी उभा आहे. अशा वेळी टोकावरच्याने तो पास कडेच्या सहकाऱ्याला जोरात द्यावा आणि कडेच्याने एका स्पर्शात तो मधल्याकडे वळवावा. प्रतिस्पर्ध्याची नजर चेंडूच्या मागे कडेला गेलेली असते आणि तेवढ्या अवधीत मधला खेळाडू त्याच्या पाठीमागून सुटलेला असतो. थेट मार्ग बंद असेल तेव्हा दोघांच्या संवादात तिसऱ्याला आणायचे, एवढेच यातील मर्म. पण वेळ साधणे कठीण आहे, कारण मधल्याने दुसरा पास निघाल्यावर हलून चालत नाही, पहिला पास निघतानाच हलावे लागते. म्हणून खेळ थांबवून चेंडू मागच्या जागी ठेवावा आणि तोच प्रसंग पुन्हा खेळवावा. मात्र खेळ फक्त जागेच्या चुकीसाठी थांबवावा. हुकलेल्या पासासाठी शिटी वाजवली की मुले धोका पत्करणे सोडतात आणि शेजाऱ्याला पास देऊन मोकळी होतात.

जागा किती मोठी ठेवावी याबद्दल हट्ट नको. चेंडू सलग पाच-सहा पासही टिकत नसेल तर आयत मोठा करावा, आतल्या चौघांना चेंडू मिळतच नसेल तर लहान करावा.

गोलरक्षकापासून बाहेर पडताना

सर्वांत जास्त भीती येथे असते आणि सर्वांत जास्त फायदाही. २०१९च्या नियमबदलानंतर गोल किक घेताना चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची वाट पाहावी लागत नाही, सहकारी क्षेत्राच्या आतच पास घेऊ शकतो. त्यामुळे दोन मधले बचावपटू गोलरक्षकाच्या दोन्ही बाजूंना, पेनल्टी क्षेत्राच्या आत उभे करावेत, फुलबॅक रुंद आणि थोडे पुढे, आणि मधल्या फळीच्या तळाचा खेळाडू क्षेत्राच्या बाहेर मध्यभागी.

येथला हिशेब साधा आहे: प्रतिस्पर्धी जितक्यांनी दाब देतो त्यापेक्षा आपला एक खेळाडू जास्त हवा. एकच आघाडीपटू अंगावर येत असेल तर दोन मधले बचावपटू पुरतात. दोघे येत असतील तर मधल्या फळीतील तळाच्या खेळाडूने दोन्ही बचावपटूंच्या मधे उतरावे, त्या दोघांनी फाकावे आणि फुलबॅकनी वर सरकावे. मेक्सिकोत ही पद्धत रिकार्डो ला व्होल्पे यांनी रुजवली आणि २००६च्या विश्वचषकात त्यांच्या संघाची ही हुशारी गार्डिओला यांनी आपल्या वृत्तपत्रीय लेखनात वाखाणली होती. तेव्हा ते अजून प्रशिक्षकही झाले नव्हते. उत्तम शिष्य एकाच गुरूकडे थांबत नाही, त्याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

जास्तीचा खेळाडू मिळाला की त्याने काय करायचे, हे न शिकवल्यामुळे पुष्कळ संघ फसतात. मोकळ्या बचावपटूने चेंडू घेऊन पुढे चालत राहावे, कोणीतरी प्रतिस्पर्धी आपली जागा सोडून त्याच्या अंगावर येईपर्यंत. तो आला की त्याने सोडलेला खेळाडू मोकळा झाला, आणि पास तेथेच द्यायचा. कोणी आलेच नाही तर आणखी पुढे जायचे. १० जून २०२३ रोजी इस्तंबूलमध्ये इंटर मिलानविरुद्धच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा एकमेव गोल असाच झाला. मधला बचावपटू मॅन्युएल अकांजी चेंडू घेऊन पुढे सरकला, त्याने बर्नार्डो सिल्व्हाला आत सोडले, आणि सिल्व्हाने मागे दिलेला चेंडू रॉड्रीने ६८व्या मिनिटाला जाळ्यात मारला. त्याच सामन्यात जॉन स्टोन्स हा बचावपटू मधल्या फळीत वावरत होता, म्हणजे मध्यभागी एक माणूस जास्त, हा तोच जुना हिशेब होता.

चुका होणारच, आणि पहिल्या चुकीनंतर प्रशिक्षक कसा वागतो यावर पुढचे सारे ठरते. १० डिसेंबर २०११ रोजी रेआल माद्रिदच्या बर्नाबेउ मैदानावर सामना सुरू होऊन अर्धे मिनिटही झाले नव्हते, तोच बार्सिलोनाचा गोलरक्षक व्हिक्टर वाल्देसचा पास अडवला गेला आणि करीम बेंझेमाने रेआल माद्रिदचा गोल केला. त्यानंतर वाल्देसने चेंडू उंच मारायला सुरुवात केली नाही. पुढचाही चेंडू त्याने सहकाऱ्याच्या पायाशीच दिला, आणि बार्सिलोनाने सामना ३-१ असा जिंकला. आपल्या गोलरक्षकाला हंगाम सुरू होण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगावे की अशा गोलाची जबाबदारी प्रशिक्षकाची आहे. आणि ते पाळावे, विशेषतः प्रेक्षक ओरडत असतील तेव्हा.

तरीही आंधळेपणा नको. प्रतिस्पर्धी माणसाला माणूस लावून वरपर्यंत दाबत असेल, तर मागे मोकळा माणूस उरत नाही, पण पुढे आपला आघाडीपटू एका बचावपटूसमोर विस्तीर्ण मोकळ्या जागेत उभा असतो. तेव्हा लांब चेंडू हाच योग्य पास. ऑगस्ट २०१८मध्ये हडर्सफील्डविरुद्ध सिटीचा गोलरक्षक एडरसनच्या लांब किकवर सर्जिओ आग्वेरोने केलेला गोल गार्डिओला यांच्या विचाराबाहेरचा नव्हता, त्याच विचाराने ती मोकळी जागा शोधली होती. गोल किकवरून थेट मिळालेल्या चेंडूला ऑफसाइड लागत नाही, हेही आपल्या आघाडीपटूला सांगून ठेवावे. आश्चर्य वाटेल इतक्या खेळाडूंना ते ठाऊक नसते.

शेवटच्या तिसऱ्या भागात

प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळच्या एक-तृतीयांश मैदानात फार शिकवू नये. विंगरना रुंद ठेवावे, त्यांना एकास एक भिडण्याची मोकळीक द्यावी, आणि पेनल्टी क्षेत्रात शेवटच्या क्षणी पोहोचण्याची सवय मधल्या फळीतील खेळाडूंना लावावी. गोलजवळची कल्पकता रेषा मारून येत नाही.

एक युक्ती मात्र समजून घ्यावी. २ मे २००९ रोजी बर्नाबेउवर गार्डिओला यांनी उजव्या विंगवरच्या मेस्सीला मधल्या आघाडीपटूच्या जागी आणले आणि सॅम्युएल इटोला उजवीकडे पाठवले. मेस्सी त्या जागी थांबलाच नाही, तो मागे मधल्या फळीत उतरत राहिला. रेआलचे दोन मधले बचावपटू, फाबिओ कानाव्हारो आणि ख्रिस्तोफ मेत्सेल्डर, यांना त्याच्या मागे जावे तर पाठीमागे थिएरी ऑन्री आणि इटो धावायला टपलेले, आणि न जावे तर मेस्सी, झावी, इनिएस्टा मध्यभागी संख्येने वरचढ. बार्सिलोनाने ६-२ असा विजय मिळवला. आपल्या संघात हे करायचे असेल तर आधी दोन्ही विंगरना बचावफळीच्या मागे धावायला शिकवावे. ते धावणार नसतील तर मागे उतरणाऱ्या आघाडीपटूने काहीच साधत नाही, फक्त गोलसमोरचा माणूस कमी होतो.

चेंडू गेल्यानंतरचे पाच सेकंद

चेंडू राखणाऱ्या संघाची खरी परीक्षा चेंडू गेल्यावर होते. गमावल्यानंतर साधारण पाच सेकंद जवळच्या तिघा-चौघांनी पूर्ण वेगाने तो परत मिळवायचा, आणि तेवढ्यात जमले नाही तर मागे येऊन रचना लावायची, हा गार्डिओला यांच्या बार्सिलोनाचा प्रघात होता. हे निव्वळ कष्टाळूपणाने होत नाही. खेळाडू एकमेकांपासून दहा-बारा मीटरवर असतील तरच चेंडू गेल्या क्षणी त्याच्याभोवती तिघे असतात. विखुरलेला संघ पाच सेकंदांत नुसता धावतो. याच कारणाने गार्डिओला आक्रमणापूर्वीच्या पासांना महत्त्व देतात: सुमारे १५ पासांच्या प्रवासात सगळा संघ एकत्र पुढे सरकतो आणि प्रतिस्पर्धी विस्कळीत होतो, मग चेंडू गेला तरी तो परत घ्यायला माणसे जागेवर असतात. आक्रमण आणि बचाव यांची तयारी अशी एकाच वेळी चालते, आणि माझ्या मते क्रायफ यांच्या शिकवणीत गार्डिओला यांनी घातलेली सर्वांत मोठी भर हीच आहे. क्रायफ यांचा संघ १९९४च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात अथेन्समध्ये मिलानकडून ०-४ असा हरला. सुंदर खेळणारा संघ चेंडू गमावल्यावर किती उघडा पडू शकतो, हे तेथे दिसले होते.

सरावात यासाठी वेगळा खेळ लागत नाही. चार विरुद्ध चारच्या खेळात चेंडू गमावलेल्यांनी पाच सेकंदांत तो परत मिळवला तर त्यांना दोन गुण द्यावेत, आणि प्रशिक्षकाने मोठ्याने पाच अंक मोजावेत. सामन्यात मात्र आक्रमण चालू असताना निदान तीन खेळाडू चेंडूच्या मागे, मध्यभागाच्या आसपास राहतील अशी व्यवस्था असावी. दोन्ही फुलबॅकना एकाच वेळी वर पाठवण्याचा मोह टाळावा.

काय मोजावे आणि कधीपासून

ताब्याची टक्केवारी मोजू नये. १ जुलै २०१८ रोजी मॉस्कोत विश्वचषकाच्या बाद फेरीत स्पेनने यजमान रशियाविरुद्ध हजारांहून अधिक पास दिले, सामना १-१ असा राहिला, आणि स्पेन पेनल्टी शूटआउटमध्ये बाहेर पडला. त्यांतील बहुतेक पास रशियाच्या बचावाच्या समोरून आडवे गेले होते. त्याऐवजी राखीव खेळाडूंपैकी एकाच्या हाती वही द्यावी आणि तीन गोष्टींच्या खुणा करायला सांगाव्यात: प्रतिस्पर्ध्याची एक फळी ओलांडून गेलेले पास, मधल्या फळीच्या तळाच्या खेळाडूने पुढे तोंड करून घेतलेले चेंडू, आणि प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात परत जिंकलेले चेंडू. मध्यंतराला ही वही पाहिली की संघाला काय सांगायचे ते बहुधा कळते. पहिली संख्या कमी असेल तर बचावपटू चेंडू घेऊन पुढे चालत नाहीत. दुसरी कमी असेल तर तिसऱ्या खेळाडूची वेळ चुकते आहे. तिसरी कमी असेल तर खेळाडूंमधील अंतरे वाढली आहेत.

पहिले काही आठवडे सामन्यात सगळे एकदम उतरवू नये. प्रथम फक्त पट्ट्यांचा नियम लागू करावा आणि गोलरक्षकाला हवा तेव्हा लांब चेंडू मारू द्यावा. जागा अंगवळणी पडल्या की गोल किक जमिनीवरून सुरू कराव्यात, आणि त्याही सुरुवातीला दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध. पाच सेकंदांचा दाब सर्वांत शेवटी आणावा, कारण दम आणि अंतरे दोन्ही जमल्याशिवाय त्यात अर्थ नसतो. या सगळ्याला एक हंगाम लागतो, काही संघांना दोन. सिटीतील पहिल्या हंगामात, २०१६-१७मध्ये, गार्डिओला यांना एकही करंडक मिळाला नव्हता. गोलरक्षक आणि फुलबॅक बदलून पुढच्याच हंगामात त्यांच्या संघाने १०० गुणांसह प्रीमियर लीग जिंकली. आपल्याला नवे खेळाडू विकत घेता येणार नाहीत. पण असलेल्यांपैकी पायाने सर्वांत चांगला पास देणारा गोलरक्षक कोण, आणि मागे न वळता आजूबाजूला काय आहे हे सांगू शकणारा मधला खेळाडू कोण, एवढे हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात शोधता येते. तो शोध मैदानावर रेषा मारण्यापूर्वी पूर्ण करावा.